फोटो काढा

रंगनाथ खळदकर यांनी पस्तीस वर्षं संगीत नाटकांत काम केलं आणि त्यातली निम्मी हातात भाला धरून काढली. राजा गात असे, राणी रडत असे आणि रंगनाथराव मागे उभे राहून दोघांकडे करुण नजरेनं बघत. ती नजर तिसऱ्या रांगेपलीकडे कुणाला दिसत नाही, हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मुख्य नटाची सगळी पदं त्यांना पाठ होती. तो आजारी पडलाच, तर आपण तयार असावं म्हणून. पण तो गृहस्थ असा ठणठणीत, की शेवटी आजारी पडले ते रंगनाथरावच. दम्यानं.

आता ते कर्वेनगरातल्या एका सोसायटीत एकटे राहत. धाप लागली की जिन्यात थांबत, आणि कुणी बघत असेल तर त्या थांबण्याला थोडा अभिनयही जोडत.

अशा माणसाला तनुजानं गाठलं. ती एका आरोग्य संस्थेत संशोधन करायची. दम्याच्या रुग्णांनी आपलं रोजचं जगणं स्वतःच मोबाइलवर टिपायचं, निवडक फोटो जवळच्या सभागृहात मांडायचे आणि ते बघता बघता लोकांनी, डॉक्टरांनी बोलायचं, अशी तिची योजना.

“काका, नियम एकच,” ती म्हणाली. “फोटोत दुसरं कुणी असेल तर दोनदा विचारायचं. काढताना एकदा, आणि भिंतीवर लावायच्या आधी पुन्हा.”

“पुन्हा कशाला? तिकीट काढून आलेला माणूस मध्यंतरानंतर परत तिकीट काढतो का?”

“नाही. पण उठून जाऊ शकतो ना?”

मध्यंतरात उठून गेलेली माणसं रंगनाथरावांनी भाल्याआडून पुष्कळ पाहिली होती. त्यांनी विषय बदलला.

आधी त्यांनी स्वतःचेच फोटो काढले. खिडकीत उभे, हातात औषधाचा पंप, दृष्टी क्षितिजाकडे. तनुजानं ते सगळे शांतपणे पाहिले आणि विचारलं, “काका, यात दमा कुठे आहे?”

दुखावलेले रंगनाथराव घरी निघाले, तर जिन्यात त्यांना दमा सापडला. खालच्या मजल्यावरच्या सुशीलाबाई कॉलेजच्या मुलांना डबे पुरवत. वर्षानुवर्षांच्या फोडण्यांनी त्यांची छाती धरली होती. त्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी डब्यांच्या दोन पिशव्या, तोंडाला पदर, हातात पंप.

“सुशीलाबाई, एक फोटो काढू? तनुजाच्या त्या कामासाठी.”

“काढा,” त्या म्हणाल्या. “नको म्हणायला श्वास उरलाय कुठे.”

फोटो फार चांगला आला. तनुजानंही तो दोनदा मोठा करून पाहिला. मग म्हणाली, “त्यांना पुन्हा विचारलंत?”

“अगं, आमचा रोजचा घरोबा,” रंगनाथराव म्हणाले. हे उत्तर नव्हतं. पण त्यांनी ते इतक्या सहज टाकलं, की तिला उत्तरच वाटलं. जन्मात एक वाक्य बिनचूक जमलं, तेही नको तिथे.

प्रदर्शनात तोच फोटो सगळ्यात मोठा, दारासमोर. खाली कार्ड: ‘छायाचित्र काढले : रंगनाथ खळदकर’. उद्घाटन संध्याकाळी होतं. रंगनाथराव दुपारीच रेशमी झब्बा घालून आले आणि कौतुकानं सुशीलाबाईंनाही घेऊन आले. त्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “फोटो काढा.”

रंगनाथरावांना भरून आलं. त्यांनी आपला मोबाइल तनुजाच्या हातात दिला, सुशीलाबाईंच्या शेजारी उभे राहिले, हनुवटी उचलली. “काढ गं.”

“आपला नव्हे. हा. हा काढा.”

“हा तर काढलेलाच आहे.”

“उतरवा म्हणते मी.”

“मीच उतरवला,” रंगनाथराव अभिमानानं म्हणाले. त्यांच्या काळात फोटो उतरवतच असत.

सुशीलाबाईंनी करपलेल्या पोळीकडे बघावं तसं त्यांच्याकडे पाहिलं. “भिंतीवरून, रंगनाथराव. संध्याकाळी कॉलेजची मुलं येतील. त्यातली निम्मी माझा डबा खातात. पदर लावून खोकणारी बाई बघून ती दमा म्हणणार नाहीत, टीबी म्हणतील. मग डबे कुणाला घालू? तुम्हाला?”

“पण तुम्ही हो म्हणाला होतात.”

“काढायला म्हणाले. लावायला विचारलं कुणी?”

तनुजाचा चेहरा उतरला. “मावशी, चूक माझी. मी काकांना विचारलं, तुम्हाला विचारायला हवं होतं.”

रंगनाथराव मात्र अजून फोटोकडेच बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नाव रंगमंचाच्या मधोमध लागलं होतं. “चेहरा पुसट केला तर?” त्यांनी चाचरत विचारलं.

“आणि साडी? अख्खं कर्वेनगर ओळखतं ती.”

रंगनाथरावांनी फोटोखाली खुर्ची ओढली.

“तुम्ही नका चढू,” सुशीलाबाई म्हणाल्या. “धाप लागेल, आणि कुणीतरी त्याचाही फोटो काढेल.”

तरी ते चढले. धाप लागली, आणि या वेळी तिला अभिनय जोडायचं त्यांना सुचलं नाही. फोटो त्यांनी सुशीलाबाईंच्या हातात दिला. मोबाइलमधला त्यांच्या देखत पुसला. तनुजानंही आपल्याकडचा पुसला.

या गडबडीत कार्ड तेवढं राहून गेलं. संध्याकाळी गर्दी झाली. मुलं, डॉक्टर, सोसायटीतली मंडळी, सगळ्यात जास्त वेळ दारासमोरच्या मोकळ्या खिळ्यापाशी थांबत होती. खाली लिहिलं होतं, ‘छायाचित्र काढले : रंगनाथ खळदकर’.

“काका, इथे काय होतं?” एका मुलानं विचारलं.

“वाच की,” रंगनाथराव म्हणाले. “खरं तेच लिहिलंय.”