सहा जणांचे एकच वडील

त्या वर्षी माझ्या वर्गातल्या सहा जणांचे वडील एकच निघाले. वडगावचे परसू विणकर.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठीचा एक प्रकल्प असतो. विषय मीच दिला होता, 'आमच्या घरचा धंदा'. वाटलं, निदान यात तरी कुणी गाईड उघडणार नाही. कसलं काय! पहिला हाती आला तो नीलमचा. 'माझे वडील परसू पहाटे मागावर बसतात, तेव्हा फळीवरची भांडीसुद्धा थरथरतात.' वाचून मी खूश. दुसरा सौरवचा. हा संकेश्वरचा धिप्पाड गडी, पण त्याचेही वडील परसू, त्याचीही भांडी थरथरलेली. पुढच्या चारांतही तेच. एका पठ्ठ्याने तर 'अण्णांना मी धाग्याच्या कांड्या भरून देते' हेही जसंच्या तसं उतरवलं होतं, आणि त्याला चांगल्या दाट मिशा आहेत. आधी हसले, मग भडकले. माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर असतो.

सगळ्यांना स्टाफरूममध्ये उभं केलं. बाकीचे फरशी मोजत होते. नीलम मात्र सरळ माझ्याकडे बघत होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"यांनी तुझा प्रकल्प चोरला असेल तर तसं सांग. तू सुटशील."

"चोरला न्हाय मॅडम. मीच दिला."

"का?"

"मागितला म्हणून. आमच्या गल्लीत एकाची अडचण झाली की शेजारी हात लावतात. अडलेल्याला न्हाय कसं म्हणायचं?"

ढोंग करत नव्हती ती. नीलम म्हणजे सायकलवरून येणारी, केसांत कायम एखादा धागा अडकलेली मुलगी. कुणाचा डबा राहिला तर हिचा अर्धा त्याचा, कुणाला बँकेत बोलायची भीती तर ही बरोबर जाणार. कॉपीला ती कॉपी म्हणतच नव्हती, शेजारधर्म म्हणत होती. अशा माणसाला ओरडायचं तरी कसं?

पण नियम म्हणजे नियम. देणारा असो की घेणारा, इंटर्नलला शून्य, आणि शून्य म्हणजे विषय गेला. नीलमला बी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं. तिचं वर्षच बुडणार होतं. प्राचार्यांनी निर्णय माझ्या गळ्यात मारला, "तुम्हीच सोमवारी सांगा." मी नीलमच्या वडिलांना बोलावलं, ते काही आले नाहीत. मग मीच स्कूटर काढली.

वडगावच्या त्या गल्लीत यंत्रमागांच्या खडखडाटात स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. परसूंच्या घरी मात्र जुना हातमाग होता, आणि तो गप्प होता. त्यांच्या उजव्या मनगटाला पट्टी होती.

"मुरगळलंय मॅडम. दवाखान्यात गेलतो, म्हणून येणं झालं न्हाय," ते म्हणाले.

नीलम कांड्या भरत होती. शेजारची बाळाबाई मागावरचे तुटलेले धागे जोडत होती. मोरपिशी साडी अर्ध्यावर थांबलेली, आडवा धागा नेणारा धोटा तिच्यावर नुसता पडून. भाषण तयार करूनच मी गेले होते, पण सुरुवात कुठून करावी म्हणून सहज बोलले, "नीलम, तुला विणता येतं ना? मग साडी अडवून का ठेवलीय? बस की तूच."

तिघंही हसली.

"तसं चालत न्हाय मॅडम. अण्णांची साडी अण्णाच पुरी करणार. माझा ठोका हलका पडतोय. मी बसले की तिथनं कापडात पट्टा दिसतोय. आम्ही कांड्या भरतो, धागं जोडतो, पण दुसऱ्याच्या मागावर..."

ती मधेच थांबली. हातातली कांडीही थांबली.

"दुसऱ्याच्या मागावर धोटा टाकायचा न्हाय," बाळाबाईने वाक्य पुरं केलं. तिला बिचारीला कॉलेजातलं काय ठाऊक!

नीलमचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मी माझं भाषण गिळलं आणि बाळाबाईने केलेला चहा प्याले. निघताना नीलम दारापर्यंत आली.

"मॅडम, मी त्यांच्या मागावर बसले व्हय."

"बसलीस."

"मला शून्य द्या. पण त्यांना एकदा लिहू द्या. मी कायबी लिहून देणार न्हाय, नुसत्या कांड्या भरते."

सोमवारी मी प्राचार्यांना सांगितलं, सगळे नव्याने लिहितील, वर्गात, माझ्यासमोर, आणि मार्क निम्म्यातूनच मिळतील. नीलमलाही. 'फार सैल सोडता तुम्ही,' म्हणून ते कुरकुरले, पण त्यांनी सही केली. पहिला प्रकल्प तिचा स्वतःचा असूनही नीलमने तक्रार केली नाही.

त्या आठवड्यात ती पोरांना गाठून नुसते प्रश्न विचारत होती. सौरवला तिने व्हरांड्यात पकडलं, तेव्हा मी मागेच होते.

"तुझं घर कशावर चालतंय रं?"

"सांगण्यासारखं न्हाय. आप्पा पंक्चर काढतात. उसाच्या ट्रॅक्टरांची. पंक्चरवर कोण प्रकल्प लिहितंय? म्हणून तर तुझा घेतला."

मी आळस समजले होते, आणि पोराला बापाच्या धंद्याची लाज वाटत होती. मला फार वाईट वाटलं.

"भरलेली ट्रॉली खाली न करता चाक कसं काढतात?" नीलमने विचारलं.

"ते व्हय? ते सोपं न्हाय बग!" म्हणत सौरव हातवारे करून सांगत सुटला. त्याचं संपल्यावर नीलम म्हणाली, "हेच लिही," आणि चालती झाली.

सगळ्यांनी लिहिलं. नीलम काठावर का होईना, पण पास झाली. बी.एड.ची वाट मोकळी राहिली.

सौरवचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शुद्धलेखनाचा आनंदीआनंद, मधेमधे आमच्या सीमाभागातले कन्नड शब्द. पण वडिलांचं नाव गुंडू होतं. 'आप्पांच्या हाताचा काळा रंग साबणाने जात नाही. मी विचारलो, तेव्हा म्हणाले, जायला कशाला पाहिजे?' हे वाचून मी लाल पेन खाली ठेवलं.

शेवटच्या पानावर आभार होते. आधी आप्पांचे, मग एक ओळ: 'नीलमने मला एक अक्षरसुद्धा लिहून दिले नाही, म्हणून तिचे मनापासून आभार.'

ते पान मी नीलमला दाखवलं. तिने दोनदा वाचलं, ओढणीने डोळे पुसले.

"मॅडम," ती म्हणाली, "ह्याची एक झेरॉक्स काढू काय?"

"काढ," मी म्हटलं.