उलट्या आसनातून परंडा ते तुळजापूर

आमच्याकडे 'जायचंच' हा शब्द समीर वर्षातून दोनदा उच्चारतो, एकदा जिमसाठी आणि एकदा गावासाठी. जिम अजून राहिलीय. पण रेवा दहा महिन्यांची झाली, डिसेंबरातली थंडी पडली, आणि एका शनिवारी पहाटे आम्ही खरोखरच पुण्यातून परंड्याला निघालो. परंड्यात समीरच्या आत्या राहतात. समीरची आई तो लहान असतानाच गेली, त्याला वाढवलं आत्यांनी. तिथं मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आत्यांना घेऊन रेवाला तुळजाभवानीच्या पायावर घालायचं, असा बेत होता.

लहान मूल घेऊन निघणाऱ्यांसाठी आधी मुलाच्या आसनाबद्दल, म्हणजे कार-सीटबद्दल, सांगते, कारण आमच्या गाडीतलं सगळ्यात खानदानी सामान तेच आहे. मागच्या सीटवर डाव्या बाजूला रेवाचं आसन, तोंड मागच्या काचेकडे. या वयात मुलाचं डोकं अंगाच्या मानानं फार जड असतं आणि मान कोवळी. गाडी एकदम थांबली तर समोर तोंड करून बसलेल्या मुलाचं डोकं पुढं फेकलं जातं, सगळा ताण मानेवर येतो. उलटं बसलेल्या मुलाला मात्र पाठीमागचं कवच झेलतं, पाठ, मान आणि डोकं एकदम. समोर एअरबॅग असेल तर असं आसन पुढच्या सीटवर कधीही लावायचं नाही. लावल्यावर बुडाशी धरून हलवून बघायचं. ते जेमतेम हललं पाहिजे.

या आसनामुळे आम्ही एकाच गाडीत दोन वेगळे प्रवास करत होतो. आम्हाला येणारं दिसत होतं, तिला गेलेलं. भिगवणच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या आमच्यासमोर मोठ्या मोठ्या होत यायच्या, आणि आम्ही ओलांडल्या की तिच्या काचेत लहान लहान होत जायच्या. ती त्यांच्याकडे फार शांतपणे बघत राहायची. कधी डोळे मिटायचे, उघडायचे, तेव्हा काचेत वेगळंच आभाळ असायचं. मीही मध्येच मान वळवून तिच्या बाजूनं बघू लागले. रस्ता आपल्याखालून निघून मागं सुटत जातो आणि पार तिकडं धुक्यात बारीक होतो, हे मी इतकी वर्षं गाडीत बसून कधी पाहिलंच नव्हतं.

टेंभुर्णीला हायवे सोडायचा, कुर्डुवाडी करून परंडा. वाटेत दर दीड-दोन तासांनी थांबा आणि मुलाला आसनातून बाहेर काढा. सलग तसं बसवून ठेवणं बरं नाही. आम्ही एका टपरीपाशी थांबलो, तेव्हा चहावाल्यानं काचेतून डोकावून विचारलं, "पोरगी रुसलीया का? पाठ करून बसलीया." समीर म्हणाला, "बापाच्या ड्रायव्हिंगवर." दुपारी आम्ही परंड्यात पोचलो. किल्ल्याच्या तटाला ऊन लागलं होतं, आणि आत्यांनी ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि वांग्याची भाजी करून ठेवली होती.

भांडण संध्याकाळी झालं. आत्या गाडीपाशी आल्या, आसनाभोवती एक फेरी मारली.

"ही खुर्ची उद्या काढून ठिव, सम्या. लेकरू माझ्या मांडीवर येणार हाय."

मी म्हणाले, "आत्या, गाडीत मांडीवर नको."

"अगं सूनबाई, म्या नवस बोलले हाय. हे लेकरू काचंच्या पेटीत व्हतं, तवा म्हनलं, आई भवानी, हिला वाचीव, माझ्या उंबऱ्यापसनं तुझ्या दारापतुर हिला मांडीवरनं खाली ठिवणार न्हाय."

रेवा मुदतीच्या खूप आधी जन्मली होती. त्या काचेच्या पेटीबाहेर उभं राहून मी काय काय कबूल केलं होतं, ते मला आजही नीट आठवत नाही. आत्यांना त्यांचं आठवत होतं. समीर हळूच म्हणाला, "सावकाश नेतो गाडी. घेऊ दे ना त्यांना." मला त्याचाही राग आला. आपण घट्ट धरून ठेवू असं प्रत्येकाला वाटतं. पण गाडी जोरात थांबते तेव्हा मुलाचं वजन हातांना पेलेल एवढं राहतच नाही, आणि धरणाऱ्याचं अंगही मुलावरच जाऊन पडतं. मी हे सगळं आत्यांना सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण त्यांचा चेहरा मिटत गेला. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तुमचं लेकरू हाय." हे वाक्य मला फार लागलं. थोड्या वेळानं त्या समीरला विचारत होत्या, "ह्ये पट्ट्याचं लाल बटन कसं उघडतं रं?" आणि तो कौतुकानं दाखवत होता. मला वाटलं, निवळलं.

सकाळी मी रेवाला आसनात बसवलं, पट्टे ओढले आणि बॅग आणायला आत गेले. परत आले तर आत्या तिच्या शेजारी मधल्या जागेवर बसल्या होत्या. रेवाच्या अंगावर गळ्यापर्यंत शाल पांघरलेली होती. "गारठा हाय," त्या म्हणाल्या. त्यांच्यापलीकडे खिडकीशी मी बसले आणि निघालो.

परंड्याहून तुळजापूरला बार्शीवरून जाणं सोयीचं. आम्ही मुद्दाम भूमकडून गेलो, कारण भूमचा खवा. भट्टीवरून उतरलेला ताजा खवा कागदात घेऊन गाडीत खाण्यासारखं सुख नाही, आणि घरी नेण्यासाठी पेढे इथंच घ्या. पुढं वाशीकडचा रस्ता कुठं छान, कुठं हाडं मोजणारा. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, मध्येच करडई, हरभरा. धुकं वर उठत होतं आणि त्यातून गावं अर्धवट दिसत होती, कुठं नुसती पाण्याची टाकी, कुठं नुसता कळस. रेवा झोपली होती. कालच्या भांडणाचं ओझं मला वाटेनासं झालं होतं.

तेरखेड्यात फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्या सुरू झाल्या आणि एका पाटीमागून शेळ्यांचा कळप सरळ रस्त्यावर आला. समीरनं कचकन ब्रेक मारला. शेळ्या वाचल्या, आम्ही वाचलो. पण रेवा जागी होऊन रडायला लागली आणि मी वाकून पाहिलं, तर ती आसनात वर सरकली होती. डोकं पार वरच्या काठाशी. मी शाल ओढली. एक पट्टा खांद्यावरून घसरून दंडावर आला होता.

समीरनं गाडी कडेला घेतली. मी उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं. रेवाच्या पाठीमागं हात घातला, तर एक घडी केलेली गोधडी लागली. मऊ, जुन्या हिरव्या लुगड्याची.

"माझ्या लुगड्याची हाय," आत्या खाली बघत म्हणाल्या. "तिच्यावर बसली म्हंजी माझ्या मांडीवरच बसली की. तुझं बी ऐकलं, आईचं बी ऐकलं. पट्टा बसंना म्हणून जरा ढिला केला."

मी खूप बोलणार होते. पण त्या रडवेल्या झाल्या होत्या. मी पट्टे न हलवता गोधडी तेवढी हळूच ओढून काढली आणि आत्यांचा हात धरून रेवाच्या छातीवर, पट्ट्याखाली सरकवला. त्यांची अख्खी मूठ आत गेली.

त्या मुठीकडे त्या बघत राहिल्या. "म्हंजी लेकरू सुटंच व्हतं?"

"हो, आत्या. जोराची धडक असती तर गोधडी दबली असती आणि ही पट्ट्यातून निसटली असती."

मी पट्टे पुन्हा ओढले. खांद्यापाशी चिमटीत पट्ट्याची चुणी धरता येत नाही, इतके. मग म्हटलं, पाठीमागं काही घालायचं नाही, पण पट्टे आवळल्यावर वरून पांघरलेलं चालतं, तोंड मोकळं ठेवून. म्हणजे तुमची गोधडी तिच्या अंगावर राहीलच.

आत्यांनी गोधडी पांघरली, काठ पायांशी खोचले. पण मान हलवली. "वरनं घातली तर ती मांडी न्हाय व्हत, सूनबाई. आईला काय फसवायचं. नवस मोडला, मोडला. म्या बघते."

समीरनं गाडी सुरू केली. येडशीच्या घाटात झाडी दाट झाली, ऊन पानांतून रेवाच्या चेहऱ्यावर पडत होतं, जात होतं. आत्या तिच्याकडे कलून मागच्या काचेतून बघत होत्या. डोंगर मागं मागं जात होते, आणि दोघी त्यांना अगदी एकसारख्या शांतपणे निरोप देत होत्या. मी डोळे मिटले. धाराशिव कधी गेलं ते मला कळलं नाही.

तुळजापूरला आमच्या ठरलेल्या पुजाऱ्यांकडे उतरलो. ज्यांचे ठरलेले नाहीत त्यांना देवळाजवळ साध्या, स्वच्छ लॉज मिळतात. मंगळवार, शुक्रवार आणि आमच्यासारखा रविवार टाळलात तर रांग बरी असते. पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, आणि तिथं रेवा आत्यांच्या कडेवर होती. गाभाऱ्यात त्यांनी तिला पायावर घातलं आणि कितीतरी वेळ ओठ हलवत राहिल्या. मला एक शब्दही ऐकू आला नाही. बाहेर आल्यावर विचारायचा धीर झाला नाही.

परतीच्या वेळी पट्टे त्यांनीच लावले, खांद्यापाशी चिमटीत धरून बघितले आणि मला म्हणाल्या, "बघ एकदा."

पुण्यात येऊन पेढे संपले, कपड्यांतली धूळ धुतली गेली. राहिलं ते धुक्यातलं मागं जाणारं शिवार, आणि आत्यांची ती मूठ. माझं म्हणणं बरोबर होतं, आणि तरी त्यांच्या हातून काहीतरी माझ्यामुळं सुटलं, याची हुरहूर होती. शेवटी एका दुपारी मी फोन केला आणि विचारलं, देवीला काय म्हणालात?

"खरं ते सांगितलं. आई, कबूल केलेलं म्या मोडलं, लेकराच्या मानंची भीती वाटली. रागावलीस तर माझ्यावर रागव. आन् नवा नवस घे. ही शाळंला जाया लागली की बोट धरून परंड्यासनं चालत आणते."

आत्या सत्तरीच्या पुढच्या. मी म्हणाले, "आत्या, त्याला अजून किती वर्षं आहेत."

"व्हय की," त्या म्हणाल्या. "म्हणून तर बोलले. आता तवर आईला मला वर न्हेता येत न्हाय."