खिळे धरणारे ओठ

दवाखाना मागे पडून अर्धा तास झाला, पूलही ओलांडून झाला, तरी दादानं तोंडावरचा रुमाल काही काढला नव्हता. घराकडची बस अगदी शेजारून गेली. त्यानं हात केला नाही. धाकटी बहीण दोन पावलं मागून चालत होती. ती छप्पन्नची, तो चौसष्टचा, पण चालण्यात अजून तोच पुढे.

"अरे, हळू चाल की जरा. तुझ्यामागे धावायला मी काय आता शाळेत आहे?"

"शाळेतसुद्धा तू रडतच यायचीस," दादा रुमालाआडून म्हणाला.

वहिनीचे गुडघे धरले होते, म्हणून तिन्ही वेळा धाकटीच सोबत आली होती. पाच दिवसांत तिसरी फेरी. ओठाला नेमकं काय बाधतं ते शोधायला सोमवारी डॉक्टरबाईंनी दादाच्या पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या छोट्या छोट्या चिकटपट्ट्या लावल्या, बुधवारी काढून पाहिल्या आणि आज पुन्हा तीच पाठ निरखली. सगळ्या जागा कोऱ्या होत्या, एक तेवढी लाल होऊन फुगली होती. ती निकेलची. निकेल म्हणजे खिळ्यांना चकाकी आणणाऱ्या मुलाम्यातला धातू.

दादा सोफ्या-खुर्च्यांवर कापड चढवणारा कारागीर. चाळीस वर्षं तेच काम. एका हातानं कापड ताणून धरायचं, दुसऱ्यात हातोडी. तिसरा हात देवानं दिलेला नाही, म्हणून ही माणसं ओठ वापरतात. वीसेक बारीक खिळे गालात भरायचे, जिभेनं एकेक पुढे सरकवून खालच्या ओठावर टेकवायचा, तिथून चुंबकाच्या हातोडीनं उचलायचा आणि ठोकायचा. दादाचा हात असा चाले की बघणाऱ्याला खिळा दिसतच नसे. "तोंडात खिळे असलेल्या माणसाला बायकोशी भांडता येत नाही," तो म्हणायचा, "म्हणून तर आमचा संसार टिकला."

पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "खिळे कुठे ठेवता?" जेवण कुठे ठेवता म्हणून विचारल्यासारखा तो बघत राहिला आणि त्यानं तोंडाकडे बोट केलं. त्याआधी त्यांनी हिरड्या पाहिल्या होत्या, रक्त तपासायला दिलं होतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं होतं. "सिगारेट?" "कधीच नाही." त्यांनी नुसती मान हलवली आणि लिहून घेतलं. बास, एवढंच! एका परक्या बाईनं त्याचा शब्द एका दमात मानला, आणि कोपऱ्यात बसलेल्या धाकटीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

कारण अकरा वर्षांपूर्वी तिनं तो मानला नव्हता. मानण्यासाठी आधी विचारावं लागतं, आणि तिनं विचारलंच नव्हतं.

बाबा सिगारेटीपायी गेले. शेवटची दोन वर्षं श्वासासाठी तडफडले. त्यांना जाऊन वर्ष होत नाही तोच दादाचा खालचा ओठ मधोमध काळा पडायला लागला. त्याच सुमारास दुकानदारानं साधे खिळे बंद करून चकचकीत खिळे द्यायला सुरुवात केली होती, पण ते कोणाच्या ध्यानात येणार! धाकटीला दिसला तो ओठ आणि खिशातली काडेपेटी. काडी तो नायलॉनच्या दोऱ्याची टोकं जाळायला बाळगायचा. तिनं दोन अधिक दोन पाच केले आणि त्याच संध्याकाळी आईला सांगून टाकलं, "दादा ओढायला लागलाय."

आई म्हणाली, "ज्या धुरानं माझं कुंकू पुसलं, तोच धूर याच्या घरात? मी त्याचा उंबरा चढणार नाही."

आणि नाही चढली. धाकटीकडेच राहते ती. दादा दर रविवारी येतो. तो आत आला की आई उठून खिडकी उघडते. तो पाया पडायला वाकला की तोंड फिरवते. एकदा त्यानं शपथ घेतली, तर म्हणाली, "तू नको बोलूस, तुझे ओठ बोलतात."

मग दादा ओठांच्याच मागे लागला. लिंबू-साखर चोळली, बीट चोळलं, आणि शेवटी कुणीतरी सांगितलेली गोरं करणारी ट्यूब लावली. त्या ट्यूबनं ओठ सोलून निघाला, रक्त आलं, आणि खपली पडल्यावर पहिल्यापेक्षा जास्त काळा झाला. तेव्हा कुठे वहिनीनं दवाखान्याची वाट धरायला लावली.

"सांगितलेलं लक्षात आहे ना?" धाकटीनं विचारलं. "खिळे तोंडात नाहीत. मलम सांगितलंय तेवढेच दिवस लावायचं. एरवी साधं व्हॅसलीन. ओठ चाटायचे नाहीत. उन्हात जपायचं. आणि एखादा डाग वाढला, बदलला किंवा चिघळला तर लगेच दाखवायचं."

"आणि काळेपणा पुरता जाईलच असं नाही, तेही म्हणाल्या. महिनोन् महिने लागतील."

कालव्याच्या कठड्याशी तो थांबला. रुमाल काढून त्यानं घडी घातली. ओठ सुजलेले, चिरलेले. धाकटीनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि बोलून टाकलं, "दादा, आईला मीच सांगितलं होतं रे. तेव्हा."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. काडेपेटीकडे बघत होतीस की तू."

"मग बोलला का नाहीस? चार शिव्या तरी घालायच्या!"

"तोंडात खिळे होते," तो म्हणाला आणि हसायला गेला, पण ओठ ताणला गेला तसा कळवळला.

धाकटीचे डोळे भरून आले. "मी आजच सांगते तिला. घरी गेल्या गेल्या. डॉक्टरांचा कागद दाखवते. माझ्या पदरात काय पडायचं ते पडू दे."

"नको."

"नको काय? अकरा वर्षं, दादा!"

"म्हणूनच. चौऱ्याऐंशीची आहे ती. अकरा वर्षं निष्पाप पोरापासून तोंड फिरवलं, हे तिला आता कळवायचं? उरलेल्या दिवसांत तेच उगाळत बसेल. आणि मग तुझ्याकडे कशी बघेल? राहते तुझ्याच घरात."

"मग ती तशीच राहू दे? तुझ्या घरी न येता?"

"येऊ दे की. यायलाच हवी." तो मग वळला. लहानपणी तिच्याकडून काही हवं असलं की आवाज असाच उतरायचा त्याचा. "तू कधी खोटं बोलत नाहीस, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तेव्हाही म्हणूनच तर तिनं ऐकलं. माझ्यासाठी एकदाच बोल. सांग तिला, दादानं सिगारेट सोडली. मी पाहिलंय म्हणावं. एवढंच सांग. सांगशील?"