न धुतलेला पाला

तरुणपणीचं सोलापूर कसं होतं असं कोणी विचारलं की मला आधी आठवतं ते पाणी. शहरात गिरण्या होत्या, भरलेला बाजार होता, नाटकं येत. असेल ते सगळं. माझ्या वाट्याला आला तो मागच्या अंगणातला आड. उन्हाळ्यात त्याचं पाणी इतकं खाली जाई की दोराला दोर बांधावा लागे. आणि आमच्या घरात पाणी तर सगळ्यालाच लागे.

घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. हे कचेरीत कारकून, पदरात तीन मुलं, मी आणि माझ्या सासूबाई. सासूबाई विधवा, सोवळ्यातल्या, आणि धुण्याच्या बाबतीत फार कडक. बाजारातून आलेली भाजी धुवायची, डाळ धुवायची, सरपणावरसुद्धा पाणी शिंपडून मगच ते आत घ्यायचं. मीठ आणि गूळ तेवढे सुटत, तेही धुतले तर उरायचे नाहीत म्हणून. त्या सगळ्या पाण्यासाठी रहाट ओढायला मी. माझ्या तळहाताचे घट्टे अजून गेलेले नाहीत.

माझं माहेर मंद्रूपजवळ, काळ्या रानातलं. वडील गावचं जोशीपण सांभाळून शेती करून घेत. पौषात हरभरा वीतभर वाढला की त्याचे शेंडे खुडायचे, म्हणजे झाड चांगलं फुटतं. खुडलेले ते कोवळे शेंडे आई जुन्या धोतरावर सावलीत वाळवी, हातानं चुरी आणि गाठोडं बांधून ठेवी. पुढे उन्हाळ्यात रानात हिरवं पान दिसेनासं झालं की तो पाला निघे. हुलगे रात्री भिजत घालायचे, सकाळी मडक्यात फुटेपर्यंत शिजवायचे, मग त्यात दोन मुठी पाला, थोडं ज्वारीचं पीठ लावून चांगलं घोटायचं आणि वरून करडईच्या तेलात लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. सोबत भाकरी. एवढं पोटात गेलं की माणूस संध्याकाळपर्यंत दुसरं काही मागत नसे.

त्या भाजीत जीव असतो तो आंबटपणाचा. हरभऱ्याच्या पानांवर एक आंबट खार धरतो. खुडताना बोटांना चिरा पडाव्यात इतका तो कडक. पण असतो तो पानाच्या वरवरच. पाणी लागलं की गेला. म्हणून हरभऱ्याचा पाला कोणी धुवत नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

दर वर्षी फाल्गुनात वडिलांचा गडी बैलगाडी घेऊन सोलापूरच्या बाजाराला येई आणि गाठोडं आमच्या दारात ठेवी. "आक्का, आईसायबांनी पाला धाडलाय. धुऊ नगासा म्हनल्यात, लई बजावून सांगितलंय की." हा निरोप तो रानात हाका माराव्यात तसा सांगे. आत जप करणाऱ्या सासूबाईंना तो अक्षर न् अक्षर ऐकू जाई. गाडी वळली की आतून आवाज यायचा, "कुणाकुणाचे हात लागलेत त्याला कोण जाणे. तीन पाण्यांनी धू."

मी धुवायची. पिवळट पाणी मोरीतून वाहून जाई आणि परातीत उरे तो चोथा. त्याची भाजी म्हणजे हुलग्यात कालवलेलं गवत. हे मुकाट खात, मुलं तोंडं वाकडी करीत. सासूबाई बोटभर चाखून म्हणत, "हुलगे टांग्याच्या घोड्याला घालतात आणि पाला शेळीला. तुमच्याकडे दोन्ही माणसांना." मी वर बघत नसे. आडाचं पाणी मीच ओढलेलं, त्याच पाण्यानं आईचे कष्ट मीच मोरीत सोडलेले, आणि वर हा टोमणा माझ्याच पदरात. एकदा चिंच घालून बघितली, पण चिंचेचा आंबट वेगळा, तो त्या भाजीला लागू पडला नाही. तरी पाला पाठवू नकोस असं मी आईला कधी कळवलं नाही. माझ्या नावानं त्या घरात दुसरं काही येतच नव्हतं.

एका उन्हाळ्याच्या तोंडावर सासूबाईंना हिवतापानं धरलं. थंडी भरली की घरातल्या सगळ्या गोधड्या घातल्या तरी दात वाजत, आणि मग अंग भाजून निघे. वैद्यबुवांच्या काढ्यांनी ताप एकदाचा हटला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. पेज केली, मेतकूट-भात केला, लाह्यांचं पाणी दिलं, लिंबाचं सार दिलं. एक घोट घेत आणि हातानं भांडं दूर सारत. हे संध्याकाळी कचेरीतून आले की पायाशी बसून "आई, थोडं तरी घे" असं म्हणत राहत, आणि त्या भिंतीकडे तोंड करून पडत. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि ओसरीवर यांना म्हणाले, "ताप गेलाय. आता औषध एकच, अन्न. ते पोटात गेलं नाही तर हा उन्हाळा निघणं अवघड आहे."

मी दाराआड होते. खरं सांगायचं तर ते ऐकून मला रडू आलं नाही. मी तिथंच उंबऱ्यावर बसले. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तरी सोवळं काही अंथरुणाला खिळलं नव्हतं. त्यांचं पाणी ओलेत्यानं भरायचं, त्यांच्यासाठी चुलीवर वेगळं शिजवायचं, आणि शिजवलेलं जसंच्या तसं परत आलेलं बघायचं. पडल्या पडल्या त्या कान देऊन असत; कळशी कुठे टेकली, पोर कुठे शिवलं, सगळं त्यांना कळे. माया, सेवा हे शब्द लोक वापरतात. माझ्यात तेव्हा तसलं काही शिल्लक नव्हतं. ताट एकदा रिकामं परत यावं, एवढंच मला हवं होतं.

पाला काढला तो काही त्यांच्यासाठी नाही. बाजारात भाजी उरली नव्हती आणि मुलांना दुपारी काहीतरी घालायला हवं होतं. हुलगे शिजत होते. सासूबाईंचं अंथरूण स्वयंपाकघराच्या दाराशीच घातलेलं. मी गाठोड्याची गाठ सोडली, पाला परातीत ओतला आणि सवयीनं तांब्या उचलला.

"धुऊ नकोस."

मला वाटलं ताप परत चढला. मी तशीच तांब्या धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

"पाणी नको ओतूस गं. तसाच टाक."

"सासूबाई, हा माझ्या माहेरचा पाला आहे," मी म्हणाले. म्हटलं, त्यांना दुसरंच काहीतरी वाटत असेल.

"कळतंय मला. नाक गेलं नाही माझं. तसाच टाक. लसूण मात्र नको. तेवढं राहू दे."

मी पाला तसाच टाकला. पीठ लावलं, घोटलं, हिंग-मिरचीची फोडणी दिली. त्या घरात तो वास मला पहिल्यांदा आला, आईच्या चुलीपुढचा. हात आपोआप चालत होते. भाकरीचा पापुद्रा भाजीत मऊ करून मी वाटी त्यांच्यापुढे नेली. त्या उठून बसल्या. मला धरू दिलं नाही. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांचे दोन्ही डोळे गच्च मिटले, आंबट लागल्यावर लहान मूल मिटतं तसे. मग दुसरा घेतला. मग वाटी पुढे केली.

दुसरी वाटीही त्यांनी संपवली. मग विचारलं, "तुम्हाला कसं माहीत, हा धुवायचा नसतो?"

"माझी आई वाळवायची," त्या म्हणाल्या. "सांगोल्याकडे आमचं थोडं रान होतं. मी इथे आले ती परकर नेसून. पहिल्या वर्षी आईनं पाला धाडला, तो माझ्या सासूबाईंनी मला धुवायला लावला. दोन-तीनदा आला आणखी. मग प्लेगात तिकडचे सगळेच गेले. पाठवायला कोणी राहिलंच नाही."

या घरात 'का' हा शब्द मी कधी मोठ्यानं उच्चारला नव्हता. त्या दिवशी उच्चारला. "मग मला का धुवायला लावलात? सगळं माहीत असून? इतकी वर्षं?"

माझा आवाज चढला होता. त्या रागावल्या नाहीत. वाटीच्या कडेला लागलेली भाजी बोटानं पुसून घेत राहिल्या.

"गाठोडं सुटलं की सगळ्या घरात वास यायचा," त्या म्हणाल्या. "तसाच शिजला असता तर मी रोज मागितला असता. विधवा बाईनं सुनेच्या माहेरचं मागून मागून खायचं? आणि तुझा तो गडी दारात ओरडायचा ना, आईसायबांनी सांगितलंय म्हणून... ते मला ऐकवत नसे."

त्यांना पाणी देऊन मी आडावर गेले. पाणी भरायचं नव्हतं, तरी रहाटाशी उभी राहिले. मला भयंकर राग आला होता. एवढी वर्षं एवढा पाला वाहून गेला, माझ्या मुलांना माझ्या माहेरची चव कळली नाही, आणि कारण काय, तर सासूबाईंना तो फार आवडायचा! आणि त्याच वेळी परकर नेसलेली एक मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलेना, आपल्या आईचा पाला मोरीत ओतणारी. राग धरून ठेवायलाही अंगात बळ लागतं. ते माझ्यात नव्हतं. मी आत आले आणि मुलांना जेवायला वाढलं.

तो उन्हाळा सासूबाईंनी काढला, पुढचेही काही काढले. सोवळं पहिल्यासारखंच सुरू झालं, सरपणावर पाणी शिंपडणं सुरू झालं, माझा आडही सुटला नाही. फाल्गुनात गडी यायचा, दारात ओरडायचा. आत जप चालूच राही. पाल्याची भाजी झाली की मात्र सासूबाई पाटावर बसताना सगळ्यांच्या देखत, शेजारीण आली असेल तर तिच्याही देखत, मोठ्यानं विचारत, "धुतलास ना गं पाला?"

"हो, तीन पाण्यांनी," मी म्हणायची. मग त्या जेवायला सुरुवात करायच्या आणि मी न विचारता दुसऱ्यांदा वाढायची.

त्या गेल्या त्यालाही आता खूप वर्षं झाली. माझी आई गेली, गाडी बंद झाली. पाला आता मी बाजारातून घेते, कोणाचे हात लागलेले असतात देव जाणे. घरात नळ आला आहे, पाण्याची काही वाण नाही, आणि कोणी विचारणारंही नाही. तरी कोरडा पाला मडक्यात टाकताना मी तोंडातल्या तोंडात म्हणते, "हो सासूबाई, धुतला."