पंखातले दोन टाके

लालबागच्या सुंदराबाईंनी तीस वर्षं हिंदमाताच्या दुकानांसाठी साड्यांना फॉल लावले. साडी विरेल, पण बाईंचा टाका उसवणार नाही, अशी ख्याती. म्हणूनच उन्मेष आणि त्याच्या कॉलेजातल्या मित्रांनी त्यांना गाठलं. पोरांनी एका स्पर्धेसाठी पायडल मारून उडवायचं विमान बांधलं होतं. इंजिन नाही, सगळी मदार पायांवर. पंखांवर पातळ प्लॅस्टिक ताणून चिकटवायला सफाईदार हात हवा होता. उन्मेषने एकच अट घातली, "मावशी, फक्त टेप हां. सुई अजिबात नको. एक भोक पडलं ना, तर फाटतच जाईल."

विमान उडवणार होती बाईंच्याच चाळीतली अक्षदा. सायकलच्या शर्यतींत मुरलेली, वजन सेहेचाळीस किलो. तिच्या बारशाची कुंची सुंदराबाईंनीच शिवलेली.

स्पर्धेच्या सकाळी मैदानावर बाईंनी चष्म्याचं घर उघडलं. अस्तरात सुई खोचलेली होती, ओवलेली, पांढरा दोरा अर्धा संपलेला. आठवडाभर त्यांनी पंखांखेरीज कशाला हात लावला नव्हता. मेली सवय! टेपची पट्टी संपली की शेवटाला दोन टाके, फॉलसारखे, नकळत.

स्पर्धेचा नियम कडक, प्रत्येक संघाला एकच संधी. बोलावं तर पोरांचं वर्षभराचं काम पाण्यात, आणि आपली अब्रूही. समोर अक्षदा सीटवर बसून हेल्मेटचा पट्टा आवळत होती. परीक्षकांनी झेंडा उचलला.

"थांबा!" बाई ओरडल्या. "मी पंखांना सुई लावलीय!"

उन्मेष धावत आला. त्याने पंखाच्या टोकाशी दिसलेल्या टाक्यावर नुसतं बोट दाबलं, तर वीतभर प्लॅस्टिक टरकन फाटलं.

"दहा मिनिटं देतो, चिकटवा," परीक्षक म्हणाले.

अक्षदाने मान वळवली. "मावशी, अजून कुठे मारलेस टाके?"

सुंदराबाईंनी दोन्ही पंखांवरून नजर फिरवली. शेकडो पट्ट्या होत्या. खोटं बोलायचीही भीती वाटली. "सांगता येत नाही गं. हात आपोआप जातो."

अक्षदा हेल्मेट काढून खाली उतरली; उड्डाण रद्द झालं. कुणी बाईंना रागावलं नाही, रागावले असते तर बरं झालं असतं. बाई तिथेच गवतात बसल्या.

"माझं अख्खं वर्ष गेलं, मावशी," अक्षदा त्यांच्या शेजारी बसून रडत होती.

सुंदराबाईंना ते ऐकूच गेलं नाही. त्या पोरीचे पाय चाचपत होत्या, आधी एक, मग दुसरा. दोन्ही शाबूत होते.