भिंगरी मॅडमचा अहवाल

नर्सिंग शाळेत तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे भिंगरी. वीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. एका जागी उभं राहणं तिला जमायचंच नाही. बोलता बोलता ट्रे आवरायची, शेवटचा घास पुरता गिळायच्या आत डबा बंद करायची. घरी नवरा शिवणयंत्रावरून मान वर करून म्हणायचा, "अगं, टेक घटकाभर. जमीन तापलीय का?" ती हसायची आणि उभ्या उभ्याच चहा संपवायची.

शिकवायला तिला आणलं ते तिच्या हाताकडे बघून. कोणाला नस सापडत नसली की भिंगरीला हाक जायची. तिची दोन बोटं हातावरून फिरली की सुई बरोबर आत. पण आपल्याला येतं ते दुसऱ्याला कसं यावं, याचा विचार तिने कधी केला नव्हता. तिला जसं शिकवलं गेलं तसंच ती शिकवायची. एकदा दाखवायचं, दुसऱ्यांदा कोणी विचारलं की डोळे वटारायचे. "कान घरी ठेवून आलीस का?" हे ठरलेलं वाक्य.

त्या वर्षीच्या तुकडीत एक मुलगी होती. आवाज इतका बारीक की पोरींनी तिचं नाव कुजबूज पाडलं होतं. थोरल्या भावाकडे राहून शिकायची. लेखी परीक्षेत पहिली, वॉर्डात मात्र भिंतीला चिकटलेली.

एका सकाळी वॉर्ड गच्च भरला होता. दोन नर्सेस रजेवर, डॉक्टर फेरीवर, केसपेपर सगळे त्यांच्या टेबलावर. "सात नंबरच्या आजींना इन्सुलिन, सहा युनिट," भिंगरी चालता चालता म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे सटकली. शिकाऊ मुलीने सुई टोचायच्या आधी शिक्षिकेने सिरिंज स्वतः बघायची आणि मगच तक्त्यावर सही करायची, असा नियम होता. कुजबूज भरलेली सिरिंज घेऊन तिच्या मागे आली. "मॅडम..." भिंगरीला ऐकूच गेलं नाही. मुलगी पुन्हा आली. भिंगरी न वळताच म्हणाली, "अगं, दे ना! मुहूर्त बघतेस का?" आणि तक्त्यावर सही ठोकून निघून गेली.

मुलीने सहाचं दहा ऐकलं होतं.

काही वेळाने आजींना दरदरून घाम फुटला, बोटं थरथरायला लागली, बोलणं अडखळलं. पहिली नजर भिंगरीचीच गेली. धावत जाऊन तिने साखर तपासली, ग्लुकोज दिलं, डॉक्टरांना बोलावलं. अर्ध्या तासाने आजी उठून बसल्या आणि चहा का नाही आला म्हणून विचारू लागल्या. निभावलं.

कुजबूज मात्र दिसेना. तिचा एप्रन चादरींच्या कपाटापाशी नीट घडी करून ठेवलेला सापडला.

दुपारी भिंगरी अहवाल लिहायला बसली. 'विद्यार्थिनीचा हलगर्जीपणा,' एवढं लिहून झालं आणि पेन अडलं. समोर तक्ता होता, तक्त्यावर तिची सही, ठसठशीत. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. शेवटी कागद दुमडून पर्समध्ये टाकला आणि प्राचार्यांना सांगितलं, या आठवड्यात देते.

घरी तिने स्वच्छ कढई पुन्हा घासायला घेतली. नवरा दारात येऊन उभा राहिला.

"काय झालंय?"

"काही नाही."

"मग त्या कढईने तुझं काय घोडं मारलंय?"

ती नळ बंद करून गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागली.

तीन दिवस मुलगी आली नाही. चौथ्या दिवशी भिंगरी पत्ता शोधत तिच्या भावाच्या घरी पोहोचली. वहिनीने दार उघडलं. "बरं झालं आलात. जेवत नाही, बोलत नाही. शाळा सोडते म्हणते."

मुलगी आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसली होती. भिंगरीने सगळी वाक्यं जुळवून आणली होती, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "शंका आली होती का तुला?"

"आली होती. दहा जास्त वाटले."

"मग विचारलं का नाहीस?"

मुलीने पहिल्यांदाच मान वर केली. "विचारायलाच आले होते. दोनदा. तिसऱ्यांदा धीर झाला नाही. तुम्ही सगळ्या वॉर्डासमोर बोलता, मॅडम."

भिंगरीला वाटलं, उठावं आणि चालू पडावं. पण खोली इतकी लहान होती की चालायला जागाच नव्हती. ती खुर्चीला धरून बसून राहिली. वहिनीने आणलेलं पाणी तिने दोन घोटांत संपवलं आणि म्हणाली, "चूक कागदावर कोणाच्या नावाने जाते, ते परवापर्यंत कळेल तुला. मग ठरव."

जुना अहवाल तिने फाडला. नवा चारच ओळींचा होता. डोस तोंडी सांगितला. सिरिंज न बघता सही केली. विद्यार्थिनी दोनदा विचारायला आली असता तिचं ऐकून घेतलं नाही. जबाबदारी माझी.

प्राचार्य बाई निवृत्तीला आलेल्या, शांत. त्यांनी तो दोनदा वाचला. "हे तुमच्या नोकरीच्या कागदांत कायमचं राहील, माहीत आहे ना?"

"राहू दे."

"तुम्हाला नर्सिंग येतं हो. पण शिकवायचं कसं, ते तुम्हाला कधी कोणी शिकवलंय?"

हा प्रश्न तिला अहवालापेक्षा जास्त झोंबला. दोन महिने वॉर्डातलं शिकवणं बंद आणि त्यात पंधरा दिवसांचं शिक्षक-प्रशिक्षण, असं ठरलं. तिथे वेगवेगळ्या धंद्यांचे शिक्षक होते आणि प्रत्येकाने दुसऱ्याचं काम शिकायचं होतं. गवंडीकामाच्या शिक्षकाने तिच्या हाती थापी दिली आणि भिंतीला गिलावा करायला सांगितला. तिचा माल पुन्हा पुन्हा खाली. "किती पातळ कालवायचा?" तिने विचारलं. "आत्ताच सांगितलं ना!" तो खेकसला. आजूबाजूचे वळून बघायला लागले. थापी टाकून ती बाहेर आली, व्हरांड्याला चार फेऱ्या मारल्या, मग आत गेली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी आवाज तिलाही ओळखू आला नाही, इतका बारीक निघाला.

परत आल्यावर तिने दोन गोष्टी सुरू केल्या. डोस ऐकला की मुलीने तो मोठ्याने परत म्हणून दाखवायचा. आणि ड्यूटी संपल्यावर अर्धा तास सगळ्यांनी बसून, आज कुठे अडलं, ते सांगायचं. पहिल्या दिवशी कोणी तोंड उघडेना, तेव्हा तिने स्वतःची एक जुनी चूक सांगितली. सांगताना खुर्चीखाली तिचे पाय सारखे हलत होते.

"मुलींना डोक्यावर बसवताय," वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

"डोक्यावर नाही हो, शेजारी बसवतेय."

अहवाल कोणाच्या नावाने गेला ते कळल्यावर कुजबूज परत आली होती, पण लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. सिरिंज हातात घेतली की ती न टोचताच ट्रेमध्ये परत ठेवायची. रबरी हातावर तिने महिनाभर सराव केला, भिंगरी शेजारी स्टुलावर बसून. प्रॅक्टिकलमध्ये ती एकदा नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली आणि आज डायलिसिस विभागात आहे. डोस नीट ऐकू आला नाही तर डॉक्टरांना तीन-तीनदा विचारते. डॉक्टर कटकट करतात, पण सांगतात.

त्याच तुकडीतली आणखी एक मुलगी अहवालाच्याही आधी शाळेत यायची बंद झाली होती. कारण कोणी विचारलंच नव्हतं. प्रशिक्षणाहून परतल्यावर भिंगरीने तिला दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. एका रविवारी ती पत्ता घेऊन निघाली. घरमालकीण म्हणाली, खोली सोडून बरेच महिने झाले. कधीमधी टपाल न्यायला येते.

भिंगरी जिन्यात खाली-वर करत राहिली. मग पर्समधून कागद काढला, त्यावर शाळेचा फोन नंबर लिहिला आणि घरमालकिणीच्या हातात दिला. "आली की सांगा, प्रवेश रद्द केलेला नाही म्हणावं. मी प्राचार्यांना थांबवून ठेवलंय."