सेलवरचा रेडिओ

हिंगोलीत सटवाजी खिल्लारे यांच्या घरी पाहुणा आला की बाहेरच्या खोलीत त्याला बसवायचं कुठं, हा कमलबाईंपुढचा रोजचा प्रश्न. तीन भिंतींना मांडण्या आणि त्यांवर जुने, काचेच्या व्हॉल्वचे रेडिओ. सगळे मिळून सदतीस. त्यातले एकतीस वाजतात. उरलेल्या सहांबद्दल विचारलं तर सटवाजी "होतील" एवढंच म्हणतात.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे मन लावून सुरू केलं. भंगारवाल्याकडून, जुन्या शाळेच्या अडगळीतून, कुणाच्या माळ्यावरून रेडिओ आणायचा. उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदलायच्या, कंडेन्सर नवे टाकायचे, डायलची दोरी ओवायची, लाकडाला पॉलिश करायचं. पण मूळचा एकही भाग फेकायचा नाही. याबाबतीत ते फार कडक. त्याला कारण होतं, पण ते कमलबाईंशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

नोकरी लागायच्या आधी, विशी-बाविशीत असताना, सटवाजी पुसेगावच्या बाजारात पोतं अंथरून रेडिओ दुरुस्त करत. त्या वेळी लोक व्हॉल्वचा रेडिओ घेऊन यायचे आणि म्हणायचे, हा लाइटवरचा सेलवर करून दे. सटवाजी आतलं सगळं उपटून काढायचे, पेटीत ट्रान्झिस्टरची पाटी बसवायचे. व्हॉल्व भंगारात. असे पन्नासेक रेडिओ त्यांनी पोकळ केले. आता एकेका व्हॉल्वसाठी नांदेड, औरंगाबादला फोन लावताना त्यांना ते आठवायचं आणि तोंड कडू व्हायचं.

गेल्या पौषात पुजा राठोड नावाची मुलगी स्कूटीवरून एक रेडिओ घेऊन आली. पुसेगावजवळच्या तांड्यावरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका.

"काका, आमच्या दादीचा हाय. बंद पडलाय. तेवढा चालू करून द्या."

सटवाजींनी मागचा पुठ्ठा काढला. आत ट्रान्झिस्टरची पाटी, गळालेल्या सेलांची हिरवी बुरशी, आणि लाकडावर पेन्सिलीनं लिहिलेलं: स. खिल्लारे, पुसेगाव, १९८३. अक्षर त्यांचंच.

पोरीला ते "ठेवून जा" एवढंच म्हणाले. ती गेल्यावर मात्र त्यांनी कमलबाईंना हाक मारली.

"ह्यो मीच बिघडवला होता. आता मीच नीट करतो."

योग असा, की त्याच बनावटीच्या एका रेडिओचा आतला सांगाडा, पाचही व्हॉल्वसकट, त्यांच्याकडं पडून होता. त्याची पेटी वाळवीनं खाल्ली होती. नऊ दिवस ते खपले. वायरींना तापल्या कथलाचा डाक देताना बोट भाजलं, तरी थांबले नाहीत. जुनी पाटी काढून डब्यात टाकली आणि तो सांगाडा पेटीत बसवला. दहाव्या दिवशी वायर भिंतीतल्या बोर्डात घातली, व्हॉल्व तांबूस उजळले आणि खोली आवाजानं भरली. सटवाजींनी पुजाला फोन केला.

रविवारी ती आजीला घेऊन आली. मिराबाई सत्तरीच्या पुढच्या, हातात चांदीची जाड कडी. त्यांनी आवाज ऐकला, पेटीभोवती फिरून पाहिलं आणि मागून निघालेली वायर चिमटीत धरली.

"हे काय लावलं?"

"लाइटवर चालतो आता. पहिले होता तसाच केला, बाई. असली माल."

"सेल कुठं टाकायचे?"

"सेल न्हाई लागत."

"मंग शेतात कसा न्यायचा? वायर वढत नेऊ?" मिराबाई खाली बसल्या. "भाऊ, तुमी काहून असं केलं? आमी चालू कर म्हणलं होतं."

सटवाजींनी शेवटी खरं ते सांगितलं. तो रेडिओ चाळीस वर्षांपूर्वी आपणच पोकळ केला, त्याची भरपाई म्हणून हे केलं.

मिराबाई हातातली वायर सोडून पुढं सरकल्या.

"ते पोतं टाकून बसणारं पोरगं तुमी व्हय? आवं, आमच्या मालकानं ह्यो रेडिओ घेतला तवा तांड्यात लाइटच न्हवती. दोन वर्ष नुसता देवाजवळ ठेवला. लोकं हसायचे. तुमी सेलवर केला तवा तो पहिल्यांदा बोलला. ऊसतोडीला जाताना मालक गाडीत माझ्या आधी त्याला बसवायचे. तिकडं पाचटाच्या कोपीपुढं बसून पंधरा-वीस माणसं ऐकायची. बिघडवला म्हणे! कुणी सांगितलं तुमाला?"

पुजा हसू लागली. कमलबाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्यांनाही हसू आलं. सटवाजी मात्र उठले आणि डबा धुंडाळू लागले.

पाटी सापडली. त्यांनी ती खिडकीपाशी नेली. त्यांच्याच हातचं काम, पण डाक ओबडधोबड, दोन ठिकाणी वायर नुसतीच पिळलेली.

"लई घाईनं केलं होतं," ते म्हणाले. "आठ दिवस द्या. आता बराबर करतो."

आठ दिवसांत त्यांनी व्हॉल्वचा सांगाडा पुन्हा बाहेर काढला, पाटी साफ केली, गेलेला एक ट्रान्झिस्टर बदलला आणि सेलांसाठी नवा कप्पा केला. सांगाडा उचलून मांडणीवर ठेवताना जीव हळहळला, हे खरं. पण पन्नास पोकळ पेट्यांचा विचार आता पूर्वीसारखा बोचत नव्हता, हेही खरं.

मिराबाईंनी रेडिओ स्कूटीवर मांडीत धरून नेला.

महिन्याभरानं पुजाचा फोन आला. दादी हरभऱ्याच्या रानात बसली होती आणि डायलचा काटा सरकत नव्हता. सटवाजींनी तिला मागचा पुठ्ठा काढायला लावला आणि दोरीचे चाकावर दोन वेढे कसे घ्यायचे ते सांगितलं.

"सरकला का?"

"सरकला, काका!"

मागून मिराबाई ओरडत होत्या, आवाज कमी कर, मला भाऊशी बोलू दे.